कुणाचं घर बँक जप्त करायला निघालीय? सोबत उभं राहायचं तर आधी हे करा

घराचे हप्ते थकलेला माणूस सहसा कुणाला सांगत नाही. अनोळखी नंबर उचलत नाही, बँकेचं पाकीट आलं की न फोडताच कपाटावर टाकतो, बायकोलाही अर्धंच सांगतो. मग आपल्याला कळतं ते दारावर नोटीस चिकटल्यावर नाहीतर पेपरात ताबा नोटीस छापून आल्यावर, आणि तोपर्यंत बरेच रस्ते बंद झालेले असतात. तुमच्या नात्यात, बिल्डिंगमध्ये, ऑफिसात असं कुणी असेल तर तुम्ही वकील नसलात तरी खूप काही करू शकता, कारण यात निम्मं काम कागद लावण्याचं आणि तारखा सांभाळण्याचं असतं आणि घाबरलेल्या माणसाला नेमकं तेच जमत नाही.

पहिल्या दिवशी सल्ला देत बसू नका आणि "एवढं कर्ज काढलंच कशाला" हे तर अजिबात नको. चहा घ्या, सगळी पाकिटं जमिनीवर काढा, फोडा, तारखेप्रमाणे लावा, पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का पण जपून ठेवा कारण नोटीस कधी मिळाली हे त्यावरून दाखवता येतं. लोनचं मंजुरीपत्र, करारनामा, बँकेकडून ताजं स्टेटमेंट, विम्याचे कागद, सगळं एका फाईलमध्ये. आणि माणूस फारच खचलेला वाटला, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला, तर ते हलक्यात घेऊ नका, मानसिक आधारासाठीचा टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी फोन फुकट आहे, तुमच्या समोरच लावून द्या.

विम्याचे कागद मुद्दाम सांगितले. बऱ्याच होम लोनसोबत लोनचा विमा चिकटवलेला असतो, प्रीमियम लोनमध्येच मिळवलेला, आणि कर्जदार वारला तरी घरच्यांना पत्ता नसतो, ते बिचारे हप्ते भरत राहतात किंवा भरता येत नाहीत म्हणून घर घालवतात. काही पॉलिसीत मोठं आजारपण किंवा नोकरी जाणं पण धरलेलं असतं. मंजुरीपत्रात आणि स्टेटमेंटच्या सुरुवातीच्या नोंदीत विम्याच्या नावाने काही रक्कम दिसते का ते बघा. दिसली तर आधी क्लेमच्या मागे लागा, बाकी नंतर.

आता आपण नेमके कुठे आहोत ते ठरवा. हप्ता थकून ९० दिवस व्हायच्या आत असाल तर सगळ्यात जास्त वाव आहे. तेव्हाच शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या, मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा, नोकरी गेली असेल तर तसा कागद जोडा, आणि अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, तोंडी "बघतो साहेब" ला काही किंमत नाही. पीएफ खात्यात पैसे असतील तर घराच्या कर्जासाठी त्यातून काढता येतात का तेही तपासा. ९० दिवस उलटले की खातं एनपीए (बुडीत जायच्या बेतातलं खातं) होतं आणि मग एखाद-दुसरा हप्ता भरून ते परत नीट होत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. हे माहीत नसल्यामुळे लोक उसने पैसे आणून एक हप्ता भरतात आणि मोकळे झालो असं समजतात.

एनपीए झाल्यावर येते सरफेसी कायद्याची (२००२ चा कायदा, याखाली बँक कोर्टात दावा न लावता तारण घर ताब्यात घेऊन विकू शकते) कलम १३(२) ची नोटीस, ६० दिवसांत सगळी रक्कम भरा म्हणून. ही नोटीस घेतली नाही तर लागू होत नाही असं गल्लोगल्ली सांगितलं जातं, ते चूक आहे, नाकारली तरी बजावली असंच धरतात. उलट घ्या आणि उत्तर द्या. या ६० दिवसांत आक्षेप पाठवला तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावंच लागतं. आक्षेपात रडगाणं नको, मुद्दे हवेत: रक्कम चुकलीय का, भरलेले हप्ते धरलेत का, फ्लॅट नंबर बरोबर आहे का, दंडावर व्याज लावलंय का (रिझर्व्ह बँकेने दंडव्याज बंद करून फक्त दंडशुल्क ठेवलंय आणि त्यावर पुढे व्याज लावायला बंदी आहे). आणि शेवटी पैसे कसे आणि कधी भरणार याचा खरा, पाळता येईल असा हिशोब द्या. स्पीड पोस्टने पाठवा, पावती फाईलला लावा.

दोन गोष्टी इथेच तपासा. तारण शेतजमीन असेल तर हा कायदा तिला लागत नाही. आणि बाकी राहिलेली रक्कम मुद्दल अधिक व्याजाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी असेल, म्हणजे कर्ज जवळजवळ फिटत आलं असेल, तरी लागत नाही.

अजून एक, कर्ज नेमकं कुणाचं आहे ते बघा. सहकारी बँकांना सरफेसी वापरता येतो, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या बँकेच्याच प्रकरणात ते स्पष्ट केलंय. पण पतसंस्था असेल तर गोष्ट वेगळी, ती महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली उपनिबंधकांकडून वसुलीचा दाखला घेते आणि मग वसुली अधिकारी जप्ती करतो. तिथे दाखला निघायच्या आधीच हजर राहून म्हणणं मांडायला पाहिजे, कारण दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध रिव्हिजनला (वरच्या अधिकाऱ्याकडे फेरतपासणीला) जायचं तर वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात, आणि तेवढे असते तर हा प्रश्नच आला नसता. १०१ ची नोटीस आली आणि माणूस गेलाच नाही असं फार होतं, तुम्ही त्याला हाताला धरून न्या.

६० दिवस गेले की बँक कलम १३(४) खाली ताबा घेते, बऱ्याचदा आधी फक्त कागदोपत्री: दारावर नोटीस आणि दोन पेपरात जाहिरात, त्यातला एक स्थानिक भाषेतला. लोक म्हणतात घरात तर अजून आपणच राहतोय, मग काय झालं. खूप काही झालं, कारण आता डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात जायचे ४५ दिवस चालू झाले. दिवाणी कोर्टात यासाठी जाता येत नाही, तिथे वेळ घालवू नका. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला (औरंगाबाद) डीआरटी आहेत. नुसता अर्ज केला म्हणजे स्टे (स्थगिती) मिळाला असं नाही, स्टे वेगळा मागावा लागतो आणि बरेचदा काही रक्कम भरा असं सांगतात, तेवढी तयारी ठेवून जा.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १५१०० वर फोन करा किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. बाई, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, अपंग व्यक्ती असेल तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. घर नवरा-बायकोच्या नावावर असेल तर बायकोच्या नावाने अर्ज करता येतो हे ध्यानात ठेवा.

आता सगळ्यात कठीण बोलणं. घर वाचणारच नसेल तर लिलावापर्यंत ताणू नका. लिलावात भाव पडतो, खर्च वाढतो, आणि कमी पडलेली रक्कम परत कर्जदाराच्याच माथी बसते. १३(२) ची नोटीस आल्यानंतर बँकेच्या लेखी परवानगीशिवाय घर विकता येत नाही, पण परवानगी मागता येते आणि चांगलं गिऱ्हाईक समोर असेल तर बँका सहसा तयार होतात कारण त्यांनाही पैसेच हवे असतात. वन टाइम सेटलमेंट (ठरलेली रक्कम भरून कर्ज तडजोडीने मिटवणं) पण विचारा, मात्र तो हक्क नाही, बँकेच्या मर्जीचा भाग आहे आणि सिबिलमध्ये तशी नोंद राहते. सगळी रक्कम खर्चासकट भरून घर सोडवायचा हक्क लिलावाची जाहिरात निघेपर्यंतच असतो, २०१६ च्या दुरुस्तीनंतर. आधी लिलाव होईपर्यंत वेळ असायचा, त्यामुळे जुनी माणसं अजून तसंच सांगतात, त्यांच्या भरवशावर राहू नका.

या काळात दोन प्रकारचे लोक वास काढत येतात. एक खाजगी सावकार आणि लोन ॲपवाले, दुसरे "साहेब ओळखीचे आहेत, स्टे आणून देतो" म्हणणारे. दोघांनाही दारातूनच परत पाठवा. घर वाचवायला दागिने मोडले आणि शेवटी घरही गेलं, असं झालं की त्या कुटुंबाकडे भाड्याच्या डिपॉझिटलाही काही उरत नाही. म्हणून मी कायम सांगते, दोन खोल्यांचं डिपॉझिट आणि सामान हलवायचा खर्च बाजूला ठेवा, त्याला हात लावू नका.

वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, शिवीगाळ, शेजाऱ्यांसमोर तमाशा, मुलांच्या शाळेत जाणं, यातलं काही चालत नाही. कॉल रेकॉर्ड करा, ओळखपत्र मागा, आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (माहितीसाठी १४४४८). धमकी दिली तर थेट पोलीस स्टेशन.

प्रत्यक्ष ताबा घ्यायला येतात त्या दिवशी कलम १४ चा आदेश बघायला मागा, तो जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांचा असतो. आदेश असेल तर अडवाअडवी करू नका, गुन्हा दाखल होईल आणि हाती काही लागणार नाही. आदल्या दिवशीच औषधं, मुलांचे दाखले, आधार, रेशनकार्ड, दागिने बाहेर काढून ठेवा, म्हाताऱ्या माणसांना दुसरीकडे पाठवा. तारण घर आहे, घरातलं सामान नाही, त्यामुळे जे आत राहील त्याची यादी पंचनाम्यात लिहून घ्या आणि मोबाईलवर शूटिंग करा.

लिलाव झाल्यावरही फाईल बंद करू नका. घर कितीला गेलं, खर्च किती लावला, याचा हिशोब लेखी मागा. कर्ज आणि खर्च वजा जाऊन वरची रक्कम उरली तर ती कर्जदाराची असते, बँकेला ती परत करावी लागते, आणि मागितल्याशिवाय बऱ्याचदा कुणी फोन करून बोलवत नाही.