जाड केबल कापताना आणि सोलताना

लग (केबलच्या टोकावर बसवून बोल्टने जोडायची धातूची नळी) जळला की सगळे क्रिंपिंगला, म्हणजे ती नळी दाबून बसवण्याला, नाहीतर ढिल्या बोल्टला दोष देतात. मी मात्र तो लग उघडून आतल्या तारा मोजतो. ९५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या केबलमध्ये साधारण १९ तारा असतात. सोलताना त्यातल्या दोन तुटल्या तर दहा टक्क्यांहून जास्त तांबं गेलं, आणि तेही ऐन जोडाच्या तोंडाशी. हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच सांगतो: पातं तारेला लागता कामा नये.

कटर उचलण्याआधी सप्लाय बंद करा, स्विचला कुलूप लावा, टॅग अडकवा. टेस्टर आधी चालू लाईनवर लावून बघा, मग केबलवर, आणि मग परत चालू लाईनवर. मधल्या वेळात टेस्टरच बिघडला असेल तर तो शेवटच्या तपासणीत कळतो. नुसता जवळ नेला की वाजणारा पेन-टेस्टर आर्मर्ड, म्हणजे धातूच्या तारांचं कवच (आर्मर) असलेल्या, केबलवर भरवशाचा नाही. आर्मर अर्थ केलेला असतो, त्यामुळे आत लाईन असली तरी बाहेर त्याला काही जाणवत नाही. लांब केबलमध्ये सप्लाय काढल्यावरही चार्ज शिल्लक राहतो, म्हणून प्रत्येक कोअर (केबलच्या आतला इन्सुलेशन चढवलेला तारांचा एकेक जुडगा) अर्थला लावून मोकळा करा. हत्याराच्या मुठीवर रबर आहे म्हणजे ती इन्सुलेटेड आहे असं समजू नका. १००० व्होल्ट आणि दुहेरी त्रिकोणाची खूण असेल तरच ती इन्सुलेटेड, आणि तीही चालू केबल कापायची परवानगी नव्हे. चर खणल्यावर शेजारी शेजारी चार केबल दिसल्या तर नुसत्या नजरेने ‘हीच ती’ ठरवून कधीही कापू नका. सिग्नल सोडून केबल ओळखायची आणि लांबून चालवायच्या स्पायकिंगच्या (केबलमध्ये खिळा घुसवणाऱ्या) हत्याराने ती मेली आहे याची खात्री करायची, मगच कटर.

आता कापणं. तांब्याच्या आणि अॅल्युमिनियमच्या बिनआर्मर केबलला रॅचेट कटरच हवा. त्याचे वाकडे जबडे केबलला कवेत घेतात आणि एकमेकांवरून सरकत कापतात, त्यामुळे टोक गोल राहतं. बोल्ट कटरच्या धारा समोरासमोर येऊन आदळतात. केबल कापली जाण्याआधी चेपते, आणि ते चपटं टोक मग लगमध्ये शिरत नाही. हॅकसॉने कापलं तर तारा फुलतात, मध्ये कीस अडकतो. दुसरं काही हाताशी नसेल तर बारीक दातांचं पातं घ्या, कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना टेप घट्ट गुंडाळा, आणि कापून झाल्यावर कीस झटकून टाका. रॅचेट कटरवर तांब्याचं आणि अॅल्युमिनियमचं माप वेगवेगळं लिहिलेलं असतं, ते वाचा. त्यापलीकडची केबल हायड्रॉलिक किंवा बॅटरीच्या कटरने कापायची. मुठीत पाईप घालून जोर लावायचा नाही.

रॅचेट कटरमध्ये पोलादी तार तर घालूच नका. आर्मरची एक तार जरी जबड्यात गेली तरी धारेला खाच पडते, आणि त्या खाचेत पुढची प्रत्येक केबल फाटते. नवाकोरा कटर असा वाया गेलेला पाहिला की मला फार वाईट वाटतं.

ड्रमवरची केबल वळणात बसलेली असते, कापताच टोक उसळतं. दोन्ही बाजू बांधून घ्या आणि गॉगल लावा.

आर्मर्ड केबल सोलताना माप मागून पुढे घ्यायचं. आधी लग कुठे बसणार ते ठरवा, तिथून ग्लँडपर्यंत (केबल पेटीत शिरते तिथे तिला घट्ट धरणारा जोड) कोअर किती लागेल ते धरा, आणि वर एकदा परत कापता येईल एवढी जास्तीची लांबी ठेवा. बाहेरच्या पीव्हीसीवर खुणेपाशी गोल काप घ्या, मग त्या कापापासून टोकाकडे उभा काप. सुरी अंगापासून लांब जायला हवी आणि दुसरा हात पात्याच्या मागे. थंडीत पीव्हीसी कडक होऊन तडकतं, तेव्हा आधी केबल थोडी उबेत ठेवा.

आर्मरच्या तारा पूर्ण कापायच्या नाहीत. ग्लँडच्या कोनला (आर्मरच्या तारा ज्यावर बसतात तो शंकू) जेवढी तार लागते तेवढी सोडून तिथे होज क्लिप आवळा. क्लिपच्या कडेला हॅकसॉ टेकवून केबलभोवती फिरत प्रत्येक तार जेमतेम अर्ध्या जाडीपर्यंत चिरा. मग एकेक तार पकडीने धरून वर-खाली वाकवा. दोन-तीन वेळा वाकवली की ती चिरेवरच तटकन तुटते. सगळ्या तारा एका रेषेत तुटतात आणि पातं आतल्या शीथपर्यंत (आर्मरखालच्या आवरणापर्यंत) पोचतच नाही. याला वेळ लागतो, पण मी यात घाई करू देत नाही. आर्मर एका झटक्यात आरपार कापला की आतल्या शीथवर आणि कधी कधी कोअरवरही ओरखडा येतो, आणि तो ग्लँडच्या आत झाकून जातो.

कोअर सोलायला पातं वर-खाली करता येणारा फिरता स्ट्रिपर घ्या. ९५ स्क्वेअर एमएमच्या एक्सएलपीई (एक प्रकारचं प्लास्टिक इन्सुलेशन) कोअरवर इन्सुलेशन १.१ मिलिमीटर असतं, पीव्हीसी असेल तर १.६. म्हणजे एक्सएलपीईसाठी पातं ०.९ च्या आसपास लावा आणि आधी त्याच केबलच्या टाकाऊ तुकड्यावर फिरवून बघा. खाली पातळसा पापुद्रा राहिला पाहिजे. दोन फेऱ्या झाल्या की पातं उभं वळवून टोकापर्यंत ओढा, इन्सुलेशन हाताने उलगडा आणि कापापाशी थोडं मुडपा. उरलेला पापुद्रा तिथेच तडकतो. मग तारांवरून नख गोल फिरवा. कुठे अडकलं, किंवा एखादी चकचकीत रेघ दिसली, तर तिथे पातं लागलंय. तेवढं टोक कापून परत सोला. अॅल्युमिनियमला अशी खाच तांब्यापेक्षा जास्त महागात पडते, कारण वाकवताना तार तिथेच मोडते. कोअर गोल नसून त्रिकोणी पाचरीच्या आकाराचा असेल तर फिरता स्ट्रिपर सगळीकडे सारखा चालत नाही. तिथे सुरी जवळजवळ आडवी धरून, खालपर्यंत न जाता, हातानेच सोलावं लागतं.

किती सोलायचं? लगच्या नळीची आतली खोली, अधिक दोन-तीन मिलिमीटर. क्रिंप करताना नळी थोडी लांबते, म्हणून ही जागा. तारा फुलल्या असतील तर त्यांच्या मूळ पिळाच्याच दिशेने हलक्या हाताने वळवा. लगमध्ये जात नाहीत म्हणून बाहेरच्या दोन तारा छाटायच्या, हे मी कुणालाही करू देत नाही. लग जात नसेल तर एकतर लग चुकीचा आहे किंवा टोक चेपलंय. बारीक तारांच्या लवचिक केबलला थोड्या रुंद नळीचा लग लागतो, तो मागवा.

अॅल्युमिनियम सोललं की लगेच वायर ब्रशने घासा आणि कंपाउंड (जोडात भरायची पेस्ट) लावून लग चढवा. हवा लागताच त्यावर ऑक्साईडचा थर चढतो आणि तो वीज वाहू देत नाही. तांब्याच्या बसबारवर (पॅनेलमधल्या जाड पट्टीवर) जाणार असेल तर बायमेटल, म्हणजे एकीकडे अॅल्युमिनियम आणि दुसरीकडे तांबं असलेला, लग हवा.

हे सगळं एलटी, म्हणजे कमी दाबाच्या, केबलचं. ११ केव्हीच्या केबलमध्ये इन्सुलेशनवर सेमीकंडक्टिंग थर असतो आणि तो काढायचं तंत्र पूर्ण वेगळं आहे, ते शिकल्याशिवाय तिला हात लावू नका.

ड्रमवर उरलेल्या टोकाला त्याच दिवशी एंड कॅप बसवा. उघडं राहिलं तर तारांमधून ओल आत शिरते, आणि पुढच्या वेळी मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावल्यावर रीडिंग पडलेलं दिसतं.