रस्ता कोणाचा हे शोधायला आरटीआय कसा लावला (माझा अनुभव)

पुण्यात आमच्या भागातला एक सर्व्हिस रोड, खड्डेच खड्डे, आणि जिथे जाऊ तिथे एकच उत्तर, हा आमच्याकडे येत नाही. मग आरटीआय (माहिती अधिकाराचा अर्ज) लावला. पण केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर फक्त केंद्राचीच ऑफिसं चालतात, राज्याच्या ऑफिससाठी टाकलेला अर्ज परत येतो आणि फीही परत मिळत नाही. माहिती अधिकार कायद्याचं कलम 6(3) म्हणतं की दुसऱ्या ऑफिसचा विषय असेल तर 5 दिवसांत तिकडे पाठवा, पण केंद्राच्या 2008 च्या मेमोनुसार विषय राज्याचा असेल तर नुसतं कळवलं तरी चालतं, पाठवायची गरज नाही. हे मला खरंच खटकतं, कारण माणसाला माहितीच नसतं कोणाचं काय ते!

म्हणून केंद्र, राज्य आणि स्थानिक, तिन्हीकडे वेगवेगळे अर्ज दिले, प्रश्न तोच. राज्यात एक विषय आणि 150 शब्द ही मर्यादा आहे, तेवढी पाळा. "रस्ता का दुरुस्त नाही" असं विचारूच नका, कागद मागा: हस्तांतरणाचं पत्र (रस्ता एका ऑफिसने दुसऱ्याच्या ताब्यात दिल्याचं), वर्क ऑर्डर, दोषदायित्व कालावधी (रस्ता बिघडला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा काळ) किती ते.

एका ऑफिसने 30 दिवसांत काहीच कळवलं नाही, तिथे लगेच पहिलं अपील (त्याच ऑफिसच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे) टाकलं. त्यानंतर हस्तांतरणाच्या पत्राची प्रत आली, त्यावर त्याच ऑफिसची सही होती, म्हणजे रस्ता त्यांचाच. ती प्रत जोडून तक्रार केली आणि डांबर पडलं.