चार्टप्लॉटरवर मार्ग आखताना : मुंबई ते दिघी

एका खाजगी शिडाच्या बोटीवर खलाशी म्हणून लागलो, तेव्हा चार्टप्लॉटरवर, म्हणजे सागरी नकाशा आणि बोटीची जागा पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, मार्ग आखणे म्हणजे पडद्यावर दोन ठिकाणी बोट टेकवणे, अशीच माझी समजूत होती. मुंबई बंदरातून दिघीपर्यंतचा चाळीसेक सागरी मैलांचा पल्ला पहिल्यांदा आखायला मिळाला आणि ती समजूत दोन दिवसांत उतरली. या कामात नव्याने येणाऱ्यांनी याच पल्ल्यावर हात बसवावा असे मी सुचवीन, कारण खडक, खाडीचे मुख, जाळी आणि मोठी भरती-ओहोटी हे सारे त्यात एकत्र भेटते.

पहिली गोष्ट म्हणजे 'गो टू' आणि 'रूट' यांतला फरक. 'गो टू' दाबले की यंत्र बोटीपासून निवडलेल्या ठिकाणापर्यंत सरळ रेषा ओढते आणि मध्ये काय आहे याची पर्वा करत नाही. रेवदंड्याच्या खाडीतून राजपुरीच्या, म्हणजे दिघी जिच्यावर आहे त्या खाडीच्या, मुखाकडे 'गो टू' लावले तर ती रेषा बिनदिक्कत कोर्लईच्या बाजूच्या जमिनीवरून जाते. रूट म्हणजे आपण क्रमाने मांडलेल्या वेपॉइंटांची, म्हणजे नकाशावर नेमून दिलेल्या बिंदूंची, साखळी, आणि तिच्या प्रत्येक टप्प्याची जबाबदारी मांडणाऱ्याची असते. अलीकडच्या यंत्रांत बोटीचा ड्राफ्ट (पाण्याखाली बुडालेल्या भागाची खोली) आणि सुरक्षित खोली भरून दिल्यास मार्ग आपोआप आखून देण्याची सोय असते. ती कच्चा आराखडा म्हणून मी वापरतो, पण थळपासून दक्षिणेकडे कोळी बांधवांनी रोवलेले डोल जाळ्यांचे (एका जागी बांधून ठेवलेल्या जाळ्यांचे) खुंट तिला दिसत नाहीत. ते कुठे आहेत हे आदल्या संध्याकाळी जेट्टीवरच्या एखाद्या तांडेलालाच (मासेमारी बोटीच्या प्रमुखालाच) विचारावे लागते, आणि तो सहसा आनंदाने सांगतो.

वेपॉइंट हाताने भरताना माझ्याकडून झालेली चूक येथे तपशिलाने सांगतो. वहीत अक्षांश १८ अंश ४२.३० मिनिटे असा लिहिला होता, म्हणजे बेचाळीस पूर्णांक तीन दशांश मिनिटे. यंत्र मात्र अंश-मिनिटे-सेकंद या रचनेवर ठेवलेले होते आणि मी ४२ मिनिटे ३० सेकंद भरून मोकळा झालो. तीस सेकंद म्हणजे अर्धे मिनिट, तेव्हा फरक पडला ०.२ मिनिटाचा, अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, अर्थात १,८५२ मीटर, या हिशेबाने वेपॉइंट सुमारे ३७० मीटर उत्तरेला सरकला. खांदेरी बेटाच्या खडकाळ परिसरात एवढे अंतर थोडके नव्हे. कप्तानांनी कागदी नकाशावर त्याच टप्प्याची दिशा आणि अंतर मोजले, ते यंत्राशी जुळेना, म्हणून चूक धक्क्यावरच सापडली. तेव्हापासून प्रत्येक टप्प्याची दिशा आणि अंतर मी कागदावर वेगळे काढतो व मगच मार्ग सुरू करतो.

मार्ग मांडून झाला की तो पहिल्या वेपॉइंटपासून शेवटच्यापर्यंत झूम वाढवून, पडद्यावरच्या रेषेवरून हाताचे बोट फिरवत तपासावा. व्हेक्टर नकाशात, म्हणजे साठवलेल्या माहितीवरून यंत्र झूमनुसार नव्याने काढते त्या नकाशात, झूम कमी असताना गर्दी टाळण्यासाठी बरेच तपशील गाळले जातात आणि त्यात खडकही जातात. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी व्होल्वो ओशन रेस या जगप्रदक्षिणेच्या शिडाच्या शर्यतीतील 'टीम वेस्टस विंड' ही बोट केपटाउनहून अबू धाबीकडे जाताना मॉरिशसच्या ईशान्येकडील कार्गाडोस काराजोस या प्रवाळखडकांवर रात्री आदळली. पुरेशा झूमवर नकाशा न पाहणे हे त्यामागचे एक प्रमुख कारण ठरले. ते तर जगातले निवडक खलाशी होते. आपल्याकडे खांदेरी-उंदेरी आणि रेवदंड्यासमोरचा चौल कडू हा खडक ही ठिकाणे अशीच जवळून पाहावीत आणि रेषा त्यांच्या पश्चिमेने पुरेसे अंतर राखून न्यावी. वेपॉइंट थेट बोयावर (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेवर) किंवा दीपस्तंभासमोरच्या सर्वांच्या सोयीच्या बिंदूवर ठेवू नये, कारण समोरून येणाऱ्यानेही तोच निवडलेला असतो आणि जीपीएसच्या अचूकतेमुळे दोघे नेमके तिथेच भेटतात.

नकाशावरील खोली अगदी खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते. मोठ्या उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो, त्यामुळे खाडीच्या मुखाशी किती वाजता पोहोचायचे हाही मार्ग आखण्याचाच भाग आहे. सहा नॉट, म्हणजे तासाला सहा सागरी मैल, वेगाने चाळीस मैलांना सहा तास चाळीस मिनिटे लागतात. मी अर्धी भरती झाल्यावर मुखाशी पोहोचण्याची वेळ धरतो आणि तिथून मागे मोजत सुटण्याची वेळ काढतो, म्हणजे चुकून बोट टेकलीच तरी वाढते पाणी तिला उचलते. सुकतीला, म्हणजे पाणी ओसरत असताना, टेकली तर मात्र पुढचे कित्येक तास किनाऱ्यावरची मंडळी तमाशा पाहतात.

प्रत्यक्ष चालताना एक्सटीई, म्हणजे आखलेल्या रेषेपासून बोट बाजूला किती सरकली, या आकड्यावर लक्ष ठेवावे. नाक रेषेच्या दिशेने असूनही हा आकडा वाढत राहिला, तर प्रवाह किंवा वारा बोटीला ढकलतो आहे. वेपॉइंटभोवतीच्या ज्या वर्तुळात शिरल्यावर बोट तिथे पोहोचली असे यंत्र धरते, त्या आगमनाच्या वर्तुळाची त्रिज्या मी ०.१ मैल ठेवतो. त्याहून फार लहान ठेवली तर जाळी चुकवताना बोट वर्तुळाबाहेरून निघून जाते आणि काही यंत्रे मागे राहिलेल्या वेपॉइंटकडेच परत वळायला सांगत बसतात. अशा वेळी पुढचा टप्पा हाताने निवडावा लागतो, आणि ते बटण कुठे आहे हे धक्का सोडण्यापूर्वीच पाहून ठेवावे.