लॅपटॉप पिशवीत घालण्यापूर्वी

रात्रीच्या बसने गावी निघताना लॅपटॉपचे झाकण नुसते मिटून भागत नाही; तो पुन्हा केव्हा उघडायचा आहे आणि तोवर टेबलावर राहणार आहे की कपड्यांच्या घड्यांत, हे आधी ठरवावे. तासा-दोन तासांचाच खोळंबा असेल आणि यंत्र समोरच असेल, तर स्लीप पुरेसे आहे. त्यात मेमरीला वीज मिळत राहते, म्हणून काम क्षणात पुढे सुरू होते. मात्र बॅटरी पार उतरली तर सेव्ह न केलेले काम जाऊ शकते, तेव्हा फाइल सेव्ह करूनच झाकण मिटावे.

पिशवीत मात्र स्लीपवर विसंबू नये. विंडोजच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपांत स्लीप म्हणजे गाढ झोप नव्हे, डुलकी असते. आत काही ना काही चालू राहते. एकदा पहाटे बसमधून उतरून मी स्वेटरखालून लॅपटॉप काढला, तर त्याचा तळ तव्यासारखा तापलेला आणि रात्री जवळजवळ भरलेली बॅटरी तळाला गेलेली. तेव्हापासून प्रवासाला हायबरनेट. त्यात मेमरीतला मजकूर डिस्कवर लिहून वीज तोडली जाते, आणि उघडल्यावर सगळ्या खिडक्या होत्या तशाच मिळतात. हा पर्याय पुष्कळदा मेनूत नसतो. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाने काय करावे हे ठरवण्याच्या पानावर तो चालू करता येतो. हे आदल्या दिवशीच करावे, डिस्कवर काही जीबी जागा मोकळी आहे ना ते पाहावे आणि एकदा करूनही बघावे.

विमानप्रवासात लॅपटॉप शक्यतो हातातल्या सामानातच ठेवावा. चेक-इन सामानात द्यावाच लागला, तर तो पूर्ण बंद हवा, स्लीपमध्ये चालत नाही. पण इथेही एक मेख आहे. 2012 साली आलेल्या विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप, म्हणजे यंत्र लवकर सुरू व्हावे म्हणून दिलेली सोय, चालू असेल, तर शट डाउन करतानाही प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो. म्हणूनच टास्क मॅनेजरमधला अपटाइम, म्हणजे यंत्र सलग किती वेळ चालू आहे याचा आकडा, बंद करून सुरू केल्यावरही मागील पानावरून पुढे मोजत असतो. वीज तुटते, त्यामुळे सामानात देण्यास हरकत नाही. परंतु रखडणारे यंत्र ताळ्यावर आणायचे असेल तर रीस्टार्टच करावे, किंवा शिफ्ट दाबून शट डाउन निवडावे. त्याच डिस्कवर विंडोजसोबत लिनक्स ही दुसरी प्रणालीही असेल, तर फास्ट स्टार्टअप कायमचेच बंद ठेवलेले बरे.

अपडेट अडकलेले असेल तर ते निघण्याच्या बरेच आधी, चार्जर लावून उरकावे. रिक्षा दारात उभी असताना पडद्यावरची टक्केवारी पाहत बसण्याची वेळ येऊ नये. पेनड्राइव्ह रीतसर इजेक्ट करावा. पॉवर बटण दाबून धरणे हा उपाय यंत्र पार गोठल्यावरच. शेवटी दिवा विझला, पंखा थांबला, की मगच चेन लावावी. आणि महिनाभर उघडणार नसाल, तर बॅटरी साधारण अर्धी भरलेली ठेवून पूर्ण शट डाउन करावे.