सरकारी थिंक टँकचा पेपर कसा वाचायचा

दादरच्या अभ्यासिकांमध्ये युपीएससीवाले आयडीएसए या संरक्षणावर अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या (थिंक टँकच्या) पेपरची प्रिंट काढून हायलायटर मारत बसतात, चांगलंच आहे, पण लिहिणारा कोणाच्या पगारावर आहे हे न बघता वाचलं की सरकारचीच बाजू आपलं मत म्हणून उत्तरात उतरते, आणि ते टाळता येतं.

आधी पैसा आणि खुर्ची बघा. आयडीएसए, म्हणजे आताची मनोहर पर्रीकर संस्था, 1965 ची, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते तेव्हाची. स्वायत्त आहे, पण पैसा संरक्षण मंत्रालयाचा आणि अध्यक्षही संरक्षणमंत्रीच. दिल्लीतल्या सप्रू हाऊसवाली, परराष्ट्र धोरणावर काम करणारी आयसीडब्ल्यूए 1943 ची, तिचे अध्यक्ष उपराष्ट्रपती. रशियाची अशीच अभ्यास संस्था आरआयएसएस तर 2009 पर्यंत तिथल्या परदेशी गुप्तहेर खात्याखाली होती.

म्हणून पेपर फेकून देऊ नका हां. के. सुब्रह्मण्यम आयडीएसएचे संचालक होते आणि अणुबॉम्ब हवा असं उघड लिहायचे, सरकारची अधिकृत भूमिका तशी नसताना. आणि सैन्यातून तिथे आलेला अधिकारी सीमेवरचे रस्ते, रसद, हवामान यावर जे लिहितो ते न्यूज चॅनलवर जन्मात मिळणार नाही, ते नीट नोट्समध्ये घ्या.

मग लेखकाची ओळख आणि तारीख बघा. अधिकारी अजून नोकरीत असेल तर त्याला काय बोलता येत नाही ते लक्षात ठेवा, खाली 'मतं वैयक्तिक' लिहिलेलं असलं तरी.

खरी मेहनत पुढे आहे. एकच घटना घ्या, समजा डोकलाम, जिथे 2017 मध्ये भारत आणि चीनचं सैन्य समोरासमोर उभं होतं, आणि दोन्हीकडचं वाचा. 28 ऑगस्ट 2017 ला दिल्ली म्हणाली सैन्य मागे घेण्यावर सहमती झाली, बीजिंग म्हणालं भारताचे सैनिक परत गेले, आमची गस्त चालूच राहील. पानाच्या मध्ये रेघ मारा, डावीकडे आपल्या संस्थेचे मुद्दे, उजवीकडे चिनी संस्थेचे. दोघांना मान्य ते फॅक्ट म्हणून वापरा, जिथे भांडण आहे तिथे 'भारताच्या मते' असं स्पष्ट लिहा, आणि जे एकानेच गाळलंय त्याला गोल करा, मुलाखतीत प्रश्न तिथूनच निघतो असं मला ठामपणे वाटतं.

तिसरी नजर म्हणून सरकारी नसलेलं एखादं घ्या, आपल्या मुंबईतलंच गेटवे हाऊस आहे, पण त्यांनाही देणगी कोण देतं ते बघूनच.