रडवणारा चित्रपट कसा पाहावा आणि त्याचा शेवट कसा पचवावा

रडवणारा चित्रपट पाहायचा असेल, तर नंतर लगेच कुठे जायचे नाही अशी वेळ निवडावी, कारण त्याचा खरा परिणाम पडदा काळा झाल्यावरच सुरू होतो. श्रेयनामावली सरकू लागताच मोबाइल हातात घेऊ नये. ती दोन-तीन मिनिटे प्रेक्षकाच्या हक्काची असतात.

आपल्याला नेमके कशाने रडू आले, हे मग शोधावे. पुष्कळदा त्याचे कारण एखादा मृत्यू नसतो, तर अगदी लहानशी कृती असते. इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका यांच्या १९४८ सालच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’ या चित्रपटाच्या शेवटी कोणीही मरत नाही, सायकल चोरताना पकडला गेलेला बाप सुटतो, गर्दीतून रडत चालू लागतो आणि त्याचा लहानगा ब्रूनो त्याचा हात धरतो. स्वतःची चोरीला गेलेली सायकल मिळालेली नसते, तिच्यावाचून उद्याच्या कामाचे काय हेही कळत नाही, आणि प्रश्न असा अधांतरी राहिल्यामुळेच तो धरलेला हात कित्येक दिवस मनातून जात नाही. सगळे धागे जुळवून देणारा शेवट मात्र, माझ्या अनुभवात, रडवतो आणि मन लवकर मोकळेही करतो.

रडू दाबू नये. नुकतेच जवळचे माणूस गमावले असेल, तर शेवट आधीच विचारून घेण्यात काहीही कमीपणा नाही. सोबत कोणी असल्यास त्याला डोळे पुसू द्यावेत आणि मगच कोणते दृश्य काळजाला लागले, एवढेच हळुवारपणे विचारावे.