व्हेंडिंग मशीनला जागा शोधून देणारा एजंट कसा पारखावा

आतेभावाला चिप्स-बिस्किटं आपोआप विकणारं व्हेंडिंग मशीन लावायचं होतं. त्याने मोबाईल पुढे केला. चिपळूणच्या एका खाजगी रुग्णालयाचं लेटरहेड, गोल शिक्का आणि खाली सही. ‘तळमजल्यावर व्हेंडिंग मशीन ठेवण्यास आमची हरकत नाही.’ अशा तीन जागांचे मिळून १२ हजार रुपये एजंटाने आगाऊ घेतले होते. माझी नजर फोन नंबरवर अडकली. सुरुवातीला ०२३५२, म्हणजे रत्नागिरी. चिपळूणचा कोड ०२३५५.

दुसऱ्या दिवशी बाईकने गेलो. रिसेप्शनवरच्या ताईंनी पत्र उलटसुलट करून पाहिलं. ‘ही सही आमच्या डॉक्टरांची नव्हे हो. आणि खाण्याचं काही असेल तर कॅन्टीनवाल्या काकांना विचारा.’ काका वडे तळत होते. झारा हातात तसाच धरून म्हणाले, ‘माझ्या दारात मशीन लावताय, आणि मलाच पत्ता नाही?’

जागा शोधून देणं हा खोटा धंदा नाही. कॉलेज, कारखाने, दवाखाने हिंडायचे, मालकाला पटवायचं आणि जागेमागे मेहनताना घ्यायचा, हे काम सचोटीने करणारी माणसं आहेत. त्यांना शोधायचं तर बोलण्याची सुरुवात एका प्रश्नाने करा: ‘मशीन मी दुसरीकडून घेतलं तरी जागा द्याल का?’ ‘मशीन आमचंच घ्या, जागा आम्ही देतो, महिन्याला इतके हजार पक्के’ असं उत्तर आलं, तर कमाई मशीन विकण्यात आहे हे ओळखा. चिप्स किती खपतील ते आधी छातीठोकपणे कोणालाच सांगता येत नाही.

मग कागद. जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर तो फुकट तपासता येतो, नाव आणि पत्ता जुळतो का बघा. उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा कागद, दाखवलं तर फार भारावू नका. तेही फुकट मिळतं, आणि आपलीच माहिती आपण भरून. खरी परीक्षा वेगळी आहे. वर्षापूर्वी लावून दिलेल्या दोन मशीनांचे पत्ते मागा आणि न सांगता तिथे जा. १० रुपयांचं बिस्किट घ्या. क्यूआर चालतो का, पैसे कोणाच्या नावावर जातात, काचेवर धूळ किती, किती खण रिकामे आहेत ते बघा. मशीनमालकाशी पाच मिनिटं बोललात तर एजंटाच्या तासाभराच्या बोलण्याहून जास्त कळेल.

एसटी स्टँडवर किंवा कोकण रेल्वेच्या फलाटावर ‘साहेब ओळखीचे आहेत’ म्हणून जागा देणारा भेटला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. तिथले स्टॉल निविदा काढून दिले जातात.

आता सगळ्यात जास्त लोक फसतात ती गोष्ट: होकार कोणी दिला? वॉचमन, क्लार्क, एखादा हौशी प्राध्यापक, कोणीही मान डोलावतो. पण इमारतीचा मालक वेगळा, संस्थेचे विश्वस्त वेगळे, आणि कॅन्टीनचा ठेका घेतलेला माणूस तिसराच. खाद्यपदार्थ मीच विकणार अशी अट त्याच्या करारात असेल, तर तुमचं मशीन आठवड्यात बाहेर येईल. म्हणून पैसे देण्याआधी स्वतः जा आणि सही करणाऱ्याला समोर बसून विचारा. कोकणात हे जड नाही. तालुक्यातल्या दहा जागा दोन दिवसांत बाईकवर होतात, आणि निम्म्या ठिकाणी तुमच्या गावचं कोणीतरी निघतंच. खरं सांगायचं तर, एवढं केल्यावर एजंटाची गरजच उरत नाही बऱ्याचदा.

गर्दी कोणत्या दिवशी दाखवतात तेही बघा. मे महिन्यातल्या रविवारी गणपतीपुळ्याला उभं केलं तर कोणालाही मशीन घ्यावंसं वाटेल. तीच जागा जुलैच्या मंगळवारी बघा. पावसाळ्यात मालवणच्या होड्या किनाऱ्याला लागतात, भाडं मात्र दर महिन्याला द्यायचं असतं. लोटे-परशुरामसारख्या एमआयडीसीतला पाळी बदलण्याचा वेळ किंवा रात्री नातेवाईक बसून असतात असा दवाखाना दिसायला फिका, पण बारमाही. तिथेच मोबाईलला रेंज येते का तेही बघून घ्या. रेंज नसेल तर यूपीआय नाही, आणि सुटे घेऊन कोण फिरतं आता?

करार जागामालकाशी थेट करा. नेमकी जागा, विजेचं बिल कोणाकडे, विक्रीतला वाटा किंवा भाडं, किती महिने आणि काढायचं झालं तर किती दिवस आधी सांगायचं, एवढं त्यात हवंच. एजंटाशी वेगळा कागद करा: थोडी रक्कम मशीन उभं राहिलं त्या दिवशी, उरलेली तीन महिन्यांनी, आणि तुमची चूक नसताना मशीन निघालं तर दुसरी जागा विनामूल्य. पैसे फर्मच्या खात्यावरच भरा. ‘भाच्याच्या नंबरवर टाका’ म्हणाला की तिथेच थांबा.

फसलातच, तर ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट घेऊन पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. एजंटाने परतफेडीचा चेक दिला आणि तो परत आला, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जायला हवी. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस मिळतात, तरी पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. आतेभाऊ ‘उद्या देतो’ ऐकत बसला आणि नोटीस गेली २६व्या दिवशी. चार हजार आले आहेत, आठची वाट बघतोय.